तेलातला फोटो

डोळ्यांना जे दिसतं ते कॅमेऱ्यात येत नाही, आणि जे येतं ते आपण पाहिलेलंच नसतं. प्रतिबिंबांचे फोटो काढायच्या नादी लागलेल्या माणसाचं अर्धं आयुष्य या एका चिडचिडीत जातं. माझंही गेलं. उज्जैनच्या फ्रीगंजातल्या साड्यांच्या दुकानाच्या काचेत समोरचा घड्याळाचा टॉवर असा सुरेख उतरायचा, की साडीच्या निऱ्यांमधूनच घड्याळ चाललंय असं वाटावं. रोल धुऊन आणला की त्यात काचेवरची धूळ, आणि धुळीमागे डोळ्याला डबा लावून उभी असलेली एक बावळट काळी आकृती. ती मी. कुठेही जा, मी मधे यायचीच. स्टुडियोवाले भैया प्रिंट काउंटरवर पत्त्यांसारखे पसरायचे आणि म्हणायचे, "इसमें है क्या, बेटा? बताओ तो सही. धूल की फोटो खींची है?" मी काही न बोलता पाकीट उचलायची. बोलणं मला तेव्हाही फारसं जमत नसे. पुढे त्या न बोलण्याचंच मोठं झालं, पण ते सांगायला मला थोडा वेळ लागणार आहे.

कॅमेरा मामाने वापरून सोडलेला होता. त्याला मीटरभराच्या आतलं काही स्पष्ट दिसत नसे आणि अंतर हाताने लावावं लागे. कित्येक रोल वाया घालवल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला, की पाणी किती लांब आहे ते त्याला सांगायचं नसतं. आपल्यापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून त्या माणसापर्यंत अशी दोन्ही अंतरं जोडून सांगायची असतात. पाण्याचं अंतर लावलं तर पाण्यावरचा कचरा स्वच्छ येतो आणि माणूस धुरकट. आता माझी मुलगी फोन पुढे करते, फोन आपला आपण सगळं ठरवतो, आणि ती मला दाखवते, "आई, बघ, डबक्यात आकाश." मला तिचं कौतुक वाटतं आणि थोडा रागही येतो, हे खरं सांगते.

आमचं घर माधव नगरमध्ये. अण्णा म्हणजे माझे वडील बिजली ऑफिसात होते, आणि तरीही उन्हाळ्यात आमचीच लाइट सगळ्यांत आधी जायची, यावरून गल्लीभर त्यांची थट्टा चाले. घरात कूलरची घरघर, आईच्या पाट्यावरवंट्याचा आवाज, लांबून रेल्वेची शिट्टी, आणि समोरच्या शर्मा आंटीची दिवसातून दहा वेळा हाक, "भाभी, ज़रा जीरावन देना." आई म्हणायची, "देऊन राहिले, थांबा." सकाळी पोहे वाफेवर व्हायचे, वर शेव आणि तो जीरावनचा मसाला. अण्णांना मात्र खोबरं-कोथिंबीरच हवी असायची, आणि "आपण मराठी आहोत की कोण आहोत" हा प्रश्न ते पोह्यांच्या ताटलीकडे बघून विचारायचे. या घरात मी दिवसभर चकाकणाऱ्या वस्तूंच्या मागे असायची. कूलरच्या टाकीतलं जांभळीचं झाड, कुकरच्या झाकणातली पसरट आई, ताम्हनातल्या पाण्यात हलणारी अण्णांच्या जानव्याची रेघ. आई वैतागायची. "भांडी घासायला दिली तर ही भांड्यात बघत बसली आहे. अगं, काय करून राहिलीस तू?"

बाहेर जास्त त्रास होता. उज्जैनमध्ये तेव्हा कॅमेरा घेऊन फिरणारी मुलगी म्हणजे सगळ्यांच्या चौकशीचा विषय. राम घाटावर मी एकदा एका आंघोळ करून उठणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्यावर कॅमेरा धरला, तर छत्रीखाली बसलेले पंडितजी ओरडले, "ए छोरी! किसकी फोटो खींच री है?" मी घाबरून कॅमेरा खाली केला आणि म्हटलं, "पानी की." ते हसले. "पानी की खींच ले. पानी का कोई कुछ नी बोलेगा." ते वाक्य मी गाठीला बांधून ठेवलं. माणसांकडे कॅमेरा धरला की माणसं विचारतात, पाण्याकडे धरला की कोणी विचारत नाही, आणि पाण्यात तीच माणसं असतात. लोकांना मी यात काही कलात्मक बघते असं वाटायचं, पुढे मी स्वतःही तसंच सांगत राहिले. खरं कारण एवढंच होतं, की मला न विचारता बघायचं होतं.

वसूताईला हे बरोबर कळलं होतं. वसूताई माझी मोठी बहीण, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. एम.ए. झालेली, एका शाळेत शिकवायला जाणारी, आणि जिभेला चांगली धार असलेली. एकदा आरशात वेणी घालताना मी मागून कॅमेरा रोखलेला तिने पाहिला आणि न वळताच म्हणाली, "नंदे, तुझ्या कॅमेऱ्याला सरळ समोरून बघायची लाज वाटते का गं?"

ताईच्या ओठाखाली, डावीकडे हनुवटीवर, कोडाचा एक डाग होता. शाळेत असताना उठला आणि तिथेच थांबला. डॉक्टरांनी सांगून झालं होतं की हा ना पसरतोय, ना कोणाला लागणार आहे. पण स्थळं बघणाऱ्या माणसांना डॉक्टर कुठे ऐकायला हवा असतो? इंदूर, देवास, ग्वाल्हेर, सगळीकडून एकच, आधी फोटो पाठवा. आणि ताई फोटोला बसायची नाही. डागाची लाज म्हणून नव्हे. तिचं म्हणणं सरळ होतं. "फोटोत डाग दिसला तर ते येणार नाहीत, नाही दिसला तर आपण फसवलं म्हणणार. ज्याला बघायचंय त्याने घरी यावं, दिवसाउजेडी यावं, मी खिडकीशी बसेन." अण्णा कपाळाला हात लावायचे. आई पदराने डोळे पुसायची. आणि मी जळफळायची, कारण मला बडोद्याला जाऊन चित्रकला-फोटोग्राफी शिकायची होती आणि त्या विषयावर अण्णांचं एकच वाक्य ठरलेलं होतं, "आधी वसूचं होऊ दे." माझं ॲडमिशन, माझं लग्न, नवा कॅमेरा, सगळं ताईच्या हनुवटीशी येऊन अडलं होतं. त्या दिवसांत मी तिच्याकडे बघायची ती तो डाग कमी झाला का हे बघायला. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

कोणीतरी आईला सांगितलं, मुलीला शनीची पीडा आहे, छायादान करा. करायचं एवढंच, की लोखंडाच्या वाटीत तेल घ्यायचं, त्यात शिक्का म्हणजे एखादं नाणं टाकायचं, तेलात आपलं तोंड नीट बघायचं, आणि मग वाटीसकट ते तेल देऊन टाकायचं. आपली पीडा त्या छायेबरोबर जाते म्हणतात. जो घेतो त्याच्याकडे जाते. म्हणून ते तेल घरी परत आणत नाहीत, ओळखीच्या माणसाच्या हातात तर अजिबात देत नाहीत. ताईचा विश्वास नव्हता. "आईची झोप तरी सुधारेल," म्हणाली आणि शनिवारच्या अमावस्येला आमच्याबरोबर त्रिवेणीच्या शनिमंदिरात आली. तिथे त्या दिवशी घाटावर माणसं आपले जुने कपडे आणि चपला सोडून जातात, त्या चपलांच्या ढिगांतून वाट काढत आम्ही आत गेलो. गर्दी, करपट तेलाचा वास, पायाखाली सगळं निसरडं. ताई एका ओट्यावर बसली, वाटी मांडीवर घेतली आणि खाली बघू लागली. मी तिचा पदर सांभाळायच्या निमित्ताने मागे उभी होते.

तिच्या खांद्यावरून मी वाकून बघितलं आणि मला काय झालं ते सांगता येत नाही. इतके दिवस मी ज्याच्यासाठी धडपडत होते ते त्या वाटीत आपोआप आलं होतं. काळ्या तेलात ताईचा चेहरा, एकदम स्थिर, जरासा थकलेला, कोणाशीही न भांडणारा. ताईला असं मी कधी पाहिलं नव्हतं, कारण समोर कोणी असलं की ती सावध असायची. मी पिशवीतून कॅमेरा काढला, दोन्ही अंतरं जोडली आणि बटण दाबलं. त्या कल्लोळात आवाज कोणालाच ऐकू आला नाही. ताईने वाटी देऊन टाकली, हात पुसले आणि आईला म्हणाली, "चल, गेली माझी पीडा. आता मला कचोरी खायला घाल."

तो फोटो आला. पहिल्यांदाच सगळं जमलं होतं. धूळ नाही, मी नाही. स्टुडियोवाले भैयासुद्धा प्रिंट उजेडाकडे धरून म्हणाले, "ये तूने खींची?" वाटीची कड दिसत होती तेवढी मी त्यांना कापून मोठा प्रिंट करायला लावली. ब्लॅक अँड व्हाइट होता. ओठाखाली तेलावर उजेडाची चकाकी आली होती आणि डाग तिच्यात विरघळून गेला होता. कोणालाही वाटावं, ऊन पडलंय. केसांच्या काळोखात एक धुरकट गोल दिसत होता, चांदीचं फूल माळल्यासारखा. तो प्रिंट मी कपाटात कपड्यांखाली ठेवला. ताईला दाखवला नाही. आधी न विचारता काढला म्हणून, आणि मग आधी दाखवला नाही म्हणून.

थंडीत इंदूरचं एक स्थळ आलं. मुलगा बँकेत, माणसं चांगली, पण फोटोशिवाय पाऊल उचलणार नाहीत. आई बटले म्हणजे मटार सोलत बसली होती. सोलता सोलता म्हणाली, "नंदे, तुझ्या त्या पसाऱ्यात वसूचा एखादा फोटो नसेल का गं? ती तर बसणार नाही. आता काय करू मी?" मी उठले आणि कपाटातून तो काढून आणला. तेव्हा मनात काय होतं? बडोदा होतं. दुसरं काही नव्हतं. आईने हात पुसून फोटो धरला. हनुवटीपाशी तिची नजर खूप वेळ थांबली.

"कुठे काढलास?"

"असाच. घरीच."

"ऊन पडलंय वाटतं तोंडावर," आई म्हणाली, आणि फोटो पदराखाली घेऊन देवघराकडे गेली. ताईला सांगायचं नाही हे आमच्यात न बोलता ठरलं.

महिन्याभराने ते लोक आले. मुलगा, त्याचे वडील काठी टेकत, आई आणि आत्या. ताई तिने ठरवल्याप्रमाणे खिडकीशी खुर्ची घेऊन बसली, सगळा उजेड तोंडावर घेऊन. मी पोह्यांच्या बश्या घेऊन आत आले तेव्हा मुलाच्या आईची नजर ताईच्या हनुवटीवर होती. मग त्यांनी पर्स उघडली आणि फोटो काढला.

"फोटोत तर असं काही नाहीये."

ताईने मान वर केली. "कुठला फोटो?"

अण्णा घाईने म्हणाले, "अहो, उजेडाचा फरक असतो. आणि आम्ही काही लपवून ठेवलेलं नाही, समोर बसली आहे मुलगी."

"उजेडाचं राहू द्या. चमकी बघा. हिच्या डाव्या नाकपुडीत आहे, फोटोत उजव्या."

"स्टुडियोवाल्याने निगेटिव्ह उलटी लावली असेल. आजकाल कोणाला कामाची पर्वाच नाही," अण्णा म्हणाले. फोटो पाठवलाय एवढंच त्यांना माहीत होतं, तो कसला ते नाही. बिचारे मनापासून बोलत होते. क्षणभर वाटलं, निभावलं. एवढ्यात आत्यांनी फोटो मागून घेतला, चष्मा लावला, आणि खिडकीकडे धरला. त्या बराच वेळ त्या केसांतल्या फुलाकडे बघत राहिल्या.

"वहिनी," त्या हळूच म्हणाल्या, "हे फूल नाही. हा शिक्का आहे. तळाला पडलेला. मी दर शनिवारी बघते, मला नाही का कळणार? हा तेलातला फोटो आहे. छायादानाचा."

मुलाच्या आईने हातातली बशी टीपॉयवर ठेवली. "म्हणजे मुलीची पीडा आमच्याकडे पाठवलीत तुम्ही? पत्रिकेबरोबर देवघरात ठेवला होता हो आम्ही हा फोटो, कौल बघायला! त्याच आठवड्यात ह्यांचा गुडघा सुजला."

"गुडघा माझा आधीपासून दुखून राहिला होता," मुलाचे वडील म्हणाले.

"तुम्ही गप बसा."

इतरांच्या घरी हा किस्सा आजही हसत सांगतात हे मला माहीत आहे. गुडघ्यापाशी सगळे हसतात. त्या खोलीत कोणी हसलं नाही. मुलगा खाली मान घालून बसला होता, तो पहिल्यांदाच बोलला, ताईशी, बऱ्यापैकी आदराने. "तुम्ही मुद्दाम असा फोटो काढून घेतलात का?"

"नाही," ताई म्हणाली. "मी हा फोटो आज पहिल्यांदा बघते आहे."

"स्वतःच्या तोंडाचा फोटो, आणि माहीत नाही!" मुलाची आई म्हणाली.

ताईने माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. तिला फक्त माझ्याकडून एक वाक्य हवं होतं. "नंदे, सांग त्यांना. तू काढलास ना?"

अण्णा माझ्याकडे बघत होते. मला त्या क्षणी दिसलं की आता कॅमेरा जाणार, बडोदा जाणार, आणि सगळं जन्मभर याच खोलीत राहणार. मी म्हटलं, "ताईनेच सांगितलं होतं, असा काढ म्हणून. डाग दिसणार नाही असा."

एरवी तोंडातून शब्द निघत नसे माझ्या. ते वाक्य मात्र एका दमात, अडखळल्याशिवाय आलं.

आईला अर्धं माहीत होतं, तेवढं पुरेसं होतं, पण ती माझ्याकडेही बघेना आणि ताईकडेही. अण्णांनी विचारलं, "वसू, हे खरं आहे?" ताई म्हणाली, "अण्णा, मी खिडकीत बसले आहे. याहून जास्त मी काय सांगू?" अण्णांना ते कळलं नाही. त्यांना हो किंवा नाही हवं होतं. पाहुणे उठले. फोटो त्यांनी टीपॉयवर ठेवला, ज्या बाजूला आमच्यापैकी कोणी बसलं नव्हतं त्या बाजूला, आणि आत्यांनी जाताना बाहेरच्या नळावर हात धुतले.

उज्जैन-इंदूरच्या मराठी घरांत बातमी जायला काय वेळ लागतो? गणपतीच्या कार्यक्रमांत, हळदीकुंकवाला, सगळीकडे ताई "ती तेलातल्या फोटोवाली" झाली. डागाबद्दल लोक निदान हळू आवाजात बोलायचे, फसवणुकीबद्दल मोठ्याने बोलायला सगळ्यांना हुरूप आला. स्थळं येईनाशी झाली. पुढच्या वर्षी अण्णांनीच मला बोलावून सांगितलं, "वसूचं आता काही दिसत नाही. तू तरी जा." मी गेले. प्रवेशाच्या वेळी दाखवायला जे फोटो नेले त्यांत तोही होता, निगेटिव्ह माझ्याकडेच होती. परीक्षकांपैकी एकाने तो बराच वेळ हातात धरून ठेवला आणि विचारलं, "ही कोण?" मी म्हटलं, "घाटावरची एक बाई."

त्यानंतर मी इतके फोटो काढले, प्रदर्शनं केली, पाण्यातल्या आणि काचेतल्या चेहऱ्यांवर लोकांसमोर बोलले. दर वेळी वाटायचं, आता एक असा निघेल की त्या एकाची गरज उरणार नाही. नाही निघाला. तांत्रिक दृष्ट्या कितीतरी चांगले आहेत. बघितले की चीड येते, एवढंच.

गेल्या दिवाळीत मी उज्जैनला गेले होते. अण्णा आणि आई दोघंही नाहीत आता. ताई शाळेतून निवृत्त झाली आहे, एकटीच राहते, शेजारच्या मुलांना गणित शिकवते आणि त्यांच्यावर ओरडते. ती ओट्याशी चकल्या तळत होती, मी पाठीमागे उभी होते. मी म्हटलं, "ताई, तेव्हा मी खोटं बोलले. तू मला काही सांगितलं नव्हतंस. मी चोरून काढला होता."

ताईने झारा निथळू दिला. चकल्या परातीत काढल्या. मग माझ्याकडे वळून अगदी चिडून म्हणाली, "अगं, हे तू मला काय सांगून राहिलीस? मला माहीत नाही का? मी तिथेच होते की!"

तिने पुढची चकली तेलात सोडली.

"अण्णा शेवटच्या आजारपणात मला विचारायचे. वसू, तसला फोटो तू का गं पाठवलास, आपल्या घरात असं कधी कोणी केलं नव्हतं. मी म्हणायची, अण्णा, मी नाही. ते म्हणायचे, असू दे, झालं ते झालं. मला माफ करून गेले ते, नंदे. न केलेल्यासाठी." तिने गॅस बारीक केला. "सांगायचंच होतं तर त्यांना सांगायचंस. मला सांगून तुला काय, हलकं व्हायचंय? ज्यांना माहीत नाही त्यांना जाऊन सांग."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यातले बरेच जण आता या जगात नाहीत. इंदूरच्या त्या आत्या नाहीत, मुलाची आई नाही. त्यांची मुलं, सुना, आणि हा किस्सा ज्यांनी ज्यांनी ऐकला आणि पुढे सांगितला ते मात्र आहेत, आणि यातलं कोणी ना कोणी हे वाचेल. म्हणून लिहिते. तो फोटो वसुधाने काढून घेतला नव्हता. तिला तो माहीतही नव्हता. तिने कोणालाही, कधीही, काहीही लपवून दाखवलं नाही. फोटो मी काढला, पाठवायला मी दिला, आणि त्या दिवशी त्या खोलीत खोटं एकच माणूस बोललं, ते मी.